मटणाचं हॉटेल काढताना कुठला कागद आधी, आणि तपासणीत नक्की काय बघतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर गाळा बघितलाय. बारा टेबलं, मटण-चिकन थाळी, शिवाय पार्सल. मालकाला टोकन दिलंय, डिपॉझिट अजून दिलेलं नाही. एजंट म्हणतो, ४५ हजार द्या, सगळी लायसन्स हातात आणून देतो. तुम्हाला तीन गोष्टी हव्यात: परवाने एकूण किती, ‘फूडचे साहेब’ आले की काय बघतात आणि दसऱ्याला उद्घाटन जमेल का.

‘किती’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. फरशी, चिमणी, टेबलं यांत पैसे घातल्यावर कुठला कागद तुम्हाला अडवू शकतो, हे आधी बघायला पाहिजे. अन्नाचा परवाना लोकांना वाटतो तितका अडत नाही. अडते ती जागा. आणि तुम्ही डिपॉझिट दिलेलं नाही, म्हणजे अजून तुमच्या हातात बरंच काही आहे.

मालकाकडून तीन कागद मागा: महापालिकेने मंजूर केलेला नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि घरफाळ्याची चालू पावती. नकाशात तो गाळा दुकान किंवा व्यापारी वापराचा असेल तर पुढे चला. निवासी किंवा पार्किंग असा लिहिलेला असेल, तर वापरबदलाचं काय ते मालकानं आधी निस्तरायला हवं. जुन्या इमारतीत घरफाळा बऱ्याचदा निवासी दरानं चालू असतो आणि मालक ‘चालतंय की’ म्हणतो. हॉटेल सुरू झालं की दर बदलतो, मागचा फरकही निघू शकतो. तो कुणी भरायचा हे करारात लिहून घ्या. करार नोंदणीकृत करा आणि त्यात ‘उपाहारगृहासाठी’ असा वापर स्पष्ट येऊ द्या. नुसतं ‘व्यवसायासाठी’ लिहिलं की पुढे तक्रार झाल्यावर मालक हात वर करायला मोकळा.

हे जमलं नाही आणि तुम्ही दुसरी जागा बघायला लागलात, तर हद्द तपासा. उचगाव, पाचगावची जागा शहरातच वाटते, पण हद्दवाढीचा वाद किती जुना आहे हे आपल्याला माहीत आहे. तिथं व्यवसायाचा दाखला महापालिकेचा नसतो, ग्रामपंचायतीचा असतो. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरच्या बाजूला बघणार असाल तर २०१९ आणि २०२१ ला महापुराचं पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या दुकानदाराला विचारा, आणि तळघरात कोठी करायचा विचार सोडा.

जागेची आणखी दोन दुखणी आहेत. एक म्हणजे धूर. वर माणसं राहतात आणि खाली रोज वाटण भाजलं जाणार. चिमणीचा डक्ट गच्चीच्या वर नेता येतो का, त्यासाठी वरच्यांची लेखी संमती मिळते का, हे टोकनच्याच टप्प्यावर ठरवा. बोळात धूर सोडणारं हॉटेल पहिल्या महिन्यातच तक्रारीत अडकतं, आणि तक्रार आली की एकटा एकच विभाग येत नाही. दुसरं म्हणजे मोरीचं पाणी. मटणाची चरबी गरम पाण्यात वाहते आणि पुढे पाइपात गोठते. सिंक आणि गटार यांच्यामध्ये ग्रीस ट्रॅप हवाच. गर्दीच्या वेळी तासाला ४०० लिटर पाणी जात असेल आणि ते ट्रॅपमध्ये अर्धा तास थांबावं असं धरलं, तर निदान २०० लिटरचा, दोन-तीन कप्प्यांचा ट्रॅप लागतो. सिंकखाली ठेवायचा डबा मटणाच्या हॉटेलला पुरत नाही. आपलं तेलकट पाणी गटारीतून जयंती नाल्यात आणि तिथून पंचगंगेत जातं, त्यामुळे या मुद्द्यावर कोल्हापुरात कुणी डोळेझाक करील असं धरून चालू नका.

आता परवाने. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खाली एकतर नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो, अर्ज केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फॉसकॉस’ पोर्टलवर होतो. दोन्हींतली रेघ वार्षिक उलाढालीवर आहे. २०११ ची नियमावली आली तेव्हा ती १२ लाखांवर होती आणि फी नोंदणीला वर्षाला १०० रुपये, हॉटेलच्या राज्य परवान्याला २,००० रुपये होती. असे आकडे बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवरची मर्यादा आणि फी बघूनच भरा. उलाढाल मात्र खरी धरा. बारा टेबलांवर रोजचा गल्ला १५ हजार धरला आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ४५ लाख होतात. जीएसटीत एक आकडा आणि इकडे दुसरा, असं करू नका. स्वच्छतेच्या मूळ अटी छोट्याला आणि मोठ्याला दोघांनाही आहेत, त्यामुळे आकडा लपवून स्वयंपाकघरात काही सूट मिळत नाही.

बाकीचे पटापट सांगतो. दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ खाली कामगारांच्या संख्येनुसार नोंदणी किंवा नुसती सूचना द्यावी लागते. पाटी मराठीत, देवनागरीत आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हवी. महापालिकेच्या परवाना विभागाचा व्यवसाय परवाना घ्यावा लागतो. जीएसटी आहेच. दारू द्यायची असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एफएल-३ लागतो. तो वेगळाच प्रपंच आहे आणि अशा ठिकाणाला महापुरुषाचं किंवा गडकिल्ल्याचं नाव देता येत नाही, तेव्हा पाटी रंगवायच्या आधी ठरवा. सांडपाणी आणि आसनसंख्या बघून प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते का, हे त्यांच्या कोल्हापूरच्या कार्यालयात विचारून घ्या.

अग्निशमनाचं मात्र थोडं सविस्तर. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणे यंत्रणा परवानाधारक एजन्सीकडून बसवायची असते. ती एजन्सी यंत्रणा बसवल्याचा फॉर्म ए देते. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो, आणि बहुतेकांचा विसर पडतो तो याचाच. गॅस: १९ किलोच्या पाच टाक्या म्हणजे ९५ किलो. १०० किलोपर्यंतच्या साठ्याला स्फोटक विभागाचा वेगळा परवाना लागत नाही, सहावी टाकी ठेवली की लागतो. भरलेल्या आणि रिकाम्या टाक्यांची सरमिसळ करू नका. हा गॅस हवेपेक्षा जड, गळाला की खाली साचतो. म्हणून टाक्या जिन्याखालच्या खड्ड्यात नकोत. घरगुती लाल टाकी हॉटेलात सापडली तर समजूत घालायला वाव राहत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, तपासणी. ती करतात अन्न व औषध प्रशासनाचे अन्न सुरक्षा अधिकारी. परवान्याआधीही येऊ शकतात, नंतर कधीही न सांगता येऊ शकतात. त्यांची यादी नियमावलीच्या अनुसूची ४ वर बेतलेली असते आणि हॉटेल-खानपानासाठी ती ११४ गुणांची आहे. लोक एकूण गुणांकडे बघतात, पण त्यातल्या काही बाबींवर तारांकन असतं. त्यांतली एक जरी नापास झाली तरी बाकीचे गुण उपयोगाचे नाहीत. चकचकीत टाइल्स लावून पास होता येत नाही ते यामुळेच. पाणी, तापमान, माणसं आणि कच्चं-शिजलेलं वेगळं ठेवणं, या चार गोष्टींत तुमचं हॉटेल पास किंवा नापास होतं.

पाण्यापासून सुरू करा, कारण अहवाल अर्जासोबत लागतो आणि त्याला वेळ जातो. महापालिकेचं पाणी आणि बोअर एकाच टाकीत घेत असाल तर जे भांड्यात पडतं तेच तपासायचं. नमुना टाकीच्या तोंडाशी घेऊ नका, स्वयंपाकघरातल्या नळाचा घ्या. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला ‘आयएस १०५००’ या पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे तपासणी हवी असं स्पष्ट सांगा. सूक्ष्मजीवांचा भाग वगळून नुसता क्षार-जडपणाचा स्वस्त अहवाल घेतला तर तो परत येतो. १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय आढळता कामा नये. नमुना जंतुरहित बाटलीतच घ्यायचा, बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत नव्हे. टाकी धुवून, क्लोरीन टाकून, ते पाणी काढून मग नमुना द्या.

तापमान ही मटणाच्या हॉटेलची खरी परीक्षा. मटण शिजण्याची काळजी नको, तास-दीड तास रटरटल्यावर कच्चं राहत नाही. कच्चेपणा राहतो तो चिकन फ्रायच्या हाडाजवळ आणि खिम्याच्या जाड वड्यात. मांसाहारी पदार्थाच्या गाभ्यात ७५ अंश १५ सेकंद किंवा ७० अंश २ मिनिटं मिळायला हवीत. गरम ठेवायचं ते ६५ वर, मांसाहारी असेल तर ७० वर, थंड ५ किंवा खाली, गोठवलेलं उणे १८.

घात होतो तो शिजवताना नाही, निववताना. रात्री साडेदहाला शेवटचं टेबल उठलं, पातेल्यात पंधरा लिटर तांबडा रस्सा उरला. आचारी झाकण ठेवतो आणि सकाळी फ्रीजमध्ये घालू म्हणतो. वरचा कट गोधडीसारखी ऊब धरून ठेवतो. सकाळी सहाला पातेल्याच्या मध्यभागी हात घातला तर रस्सा कोमटच लागतो. मांसाच्या रश्श्यात क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जंतूचे बीजाणू उकळूनही टिकतात आणि अशा कोमटात रात्रभर वाढतात. वास बदलत नाही, चव बदलत नाही, दुपारच्या पंगतीची पोटं मात्र बिघडतात. नियम असा आहे की ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत यायला हवं आणि तिथून ५ वर पुढच्या दोन तासांत. खोल पातेल्यात हे कधीच होत नाही. रस्सा पाच-सात सेंटिमीटर खोलीच्या स्टीलच्या ट्रेमध्ये ओता, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा आणि वाफ गेली की फ्रीजमध्ये टाका. मटणाचे तुकडे रश्श्यातून काढून वेगळे निववा. दुसऱ्या दिवशी गाभा ७५ अंशांवर दोन मिनिटं राहील असा उकळा, एकदाच. काल उरलेला आजच्या ताज्यात मिसळू नका, कारण मग किती जुनं काय आहे याचा हिशेबच राहत नाही.

पांढऱ्या रश्श्याला तर ठेवूच नका. आळणी, म्हणजे मटण शिजवलेलं नुसतं पाणी, काढून ठेवता येते, नारळाचं दूध आणि वाटण घातल्यावर मात्र तो काही तासांचा पाहुणा. म्हणून आळणी मोठ्या पातेल्यात, पांढरा रस्सा तीन-तीन लिटरच्या फेरीत. चवीलाही तेच बरं, नारळ फाटत नाही.

यासाठी सुई टोचायचा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि तो बरोबर दाखवतो की नाही ते आठवड्याला बघा. ग्लासात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून सुई मध्ये धरा, शून्य यायला हवं. उकळत्या पाण्यात १०० येणार नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, इथं पाणी ९८ च्या आसपास उकळतं, तेव्हा ९८ दाखवणारं यंत्र फेकून देऊ नका. फ्रीजचं तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहा. रोज हुबेहूब ४.० लिहिलेली वही ही न ठेवलेल्या वहीपेक्षा वाईट. अधिकारी स्वतःचा थर्मामीटर आत ठेवतात आणि ९ दाखवतो, मग वहीतला एकही आकडा कुणी खरा धरत नाही.

फ्रीज एकच असेल तर कच्चं मटण सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकलेलं. शिजलेलं, दही, कापलेला कांदा वर. जमलं तर दोन फ्रीज घ्याच, सजावटीतला एखादा दिवा कमी करा. कच्च्याची सुरी आणि पाट वेगळा, रंगानं ओळखू येणारा. खाटकाकडचा लाकडी ओंडका स्वयंपाकघरात आणू नका, त्याच्या भेगांतलं रक्त धुतलं जात नाही. मटण ज्यांच्याकडे अन्नाचा परवाना किंवा नोंदणी आहे त्यांच्याकडूनच घ्या आणि रोजचं बिल घ्या. बिलाशिवाय ओळखीवर आलेलं मटण तुम्हाला कागदावर सिद्ध करता येत नाही.

आपल्याकडे चटणी कांडपावरून कुटून आणतात, त्याला हरकत नाही. मिरचीचं, मसाल्याच्या जिन्नसांचं बिल ठेवा आणि डब्यावर कुटल्याची तारीख लिहा. तयार पूड मात्र सुटी घेऊ नका, मसाल्याची पूड पॅकबंदच विकायची असा नियम आहे. आणि रश्श्याला रंग ब्याडगीनंच आला पाहिजे. रश्श्यात आणि तंदुरीच्या मसाल्यात खायचा रंग चालत नाही, थोडासाही नाही. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ध्रुवीय घटक वाढतात, तळणीच्या तेलात ते २५ टक्क्यांवर गेले की ते तेल टाकायचं. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला जात असेल तर त्याची नोंदही ठेवावी लागते.

माणसांचं बघताना अधिकारी आधी हात धुवायची जागा शोधतात. भांडी घासायच्या सिंकपासून वेगळं, साबण आणि पुसायला कागद असलेलं बेसिन स्वयंपाकघरातच हवं. गिऱ्हाइकांचं बेसिन त्यात मोजत नाहीत. संडासचा दरवाजा थेट स्वयंपाकघरात उघडत असेल तर आता, नकाशावरच बदला. प्रत्येक कामगाराचं वैद्यकीय प्रमाणपत्र वर्षातून एकदा, ठरलेल्या नमुन्यात, नोंदणीकृत डॉक्टरांचं, टायफॉइडच्या लसीच्या नोंदीसह. इथं फसगत अशी होते की सुरुवातीला सहा जणांची प्रमाणपत्रं करतात, तीन महिन्यांत आचारी आणि दोन वाढपी बदलतात आणि फाइलमध्ये निघून गेलेल्यांचे फोटो राहतात. नवा माणूस आला की पहिल्या आठवड्यात त्याचा कागद करा. २५ जणांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक लागतो. ते ‘फॉसटॅक’ प्रशिक्षण तुम्ही स्वतःच घ्या, आचारी उद्या सोडून जाईल.

परवाना क्रमांक १४ अंकी असतो, तो दर्शनी लावा. हॉटेलांसाठीचा जांभळा अन्न सुरक्षा फलकही लावा. १ जानेवारी २०२२ पासून क्रमांक बिलावरही छापावा लागतो. वर्तमानपत्रात काहीही बांधू नका, आणि गरम रस्सा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देणं तर अन्नाच्या आणि प्लास्टिकबंदीच्या, दोन्ही कायद्यांत अडकतं.

त्रुटी निघाल्या तर अन्न सुरक्षा अधिनियमाच्या कलम ३२ खाली सुधारणा नोटीस येते आणि दुरुस्तीला किमान १४ दिवस मिळतात. घाबरून वकील शोधत बसू नका. प्रत्येक मुद्द्यासमोर काय केलं, फोटो आणि बिल जोडून मुदतीच्या आत उत्तर द्या. दुर्लक्ष केलं तर परवाना निलंबित होऊ शकतो. नमुना घेतला तर त्याची किंमत तुम्हाला मिळते, नोटीस मिळते, आणि नमुन्याचे चार भाग तुमच्यासमोर सीलबंद होतात. चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा अशी मागणी त्याच वेळी लेखी करता येते, खर्च तुमचा. अन्न विश्लेषकाचा अहवाल १४ दिवसांत अपेक्षित असतो आणि तो विरोधात गेला तर ३० दिवसांत अपील आहे. ही मुदत चुकली की चांगली बाजूही मांडता येत नाही.

एजंटाबद्दल. वेळ नसेल तर घ्या, पण ४५ हजारांत सरकारी फी किती, अग्निशमन एजन्सीचे किती, पाण्याच्या तपासणीचे किती, हे कागदावर मागा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच हवा, पासवर्ड तुमच्याकडे हवा. एजंट स्वतःचा नंबर घालतो, मग पोर्टलवरची शंका, पुढच्या सूचना सगळं त्याच्याकडे जातं आणि तुम्हाला कळतं ते अधिकारी दारात आल्यावर. व्यवसायाचा प्रकार ‘उपाहारगृह’ हाच निवडलाय का, आणि पत्ता भाडेकराराशी अक्षरशः जुळतो का, तेही बघा. परवाना जागेला असतो. मागच्या गल्लीत वाटणासाठी वेगळी खोली घेतली तर तिचंही सांगावं लागतं.

राहिला दसरा. पूर्ण अर्जाला ६० दिवसांची मुदत धरा. अर्जाला पाण्याचा अहवाल लागतो, अहवालाला स्वयंपाकघरातला नळ लागतो, म्हणजे सुताराच्या आधी प्लंबर. म्हणून दसऱ्याला तीन महिने नसतील तर ती तारीख सोडा. असले तरी माझं मत वेगळं आहे. नवरात्रात कोल्हापूर मटण बंद ठेवतं आणि दसरा सरला की सगळं शहर एकदम तुटून पडतं. तुमचा पहिलाच दिवस वर्षातला सगळ्यात मोठ्या पातेल्याचा ठरेल, नवे आचारी, न चाचपलेले फ्रीज, आणि सणाच्या तोंडावर तपासणी मोहिमाही असतात. दसऱ्याला पूजा करून पाटी लावा, आठ दिवस फक्त दुपारी, सहा टेबलांवर थाळी द्या. रात्री किती उरतं आणि ते ट्रेमध्ये किती वेळात ५ अंशांवर येतं, ते त्या आठ दिवसांत वहीत उतरवा. टेबलं त्यानंतर वाढवा.